कोणाचा रे तू?

लंडनमध्ये माणसाची चौकशी फार जपून होते. हवा, ट्यूबचा संप, घरभाडं इथवर गाडी येते आणि थांबते. फारच सलगी झाली तर 'मुळात कुठले?' असं विचारतात, आणि आपण 'मुंबई' म्हटलं की समोरच्याला इतकं बरं वाटतं की पुढं तो काही विचारत नाही. त्यामुळं 'कोणाचा रे तू?' हा प्रश्न आपण चौलला, आळीतल्या ओट्यांवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांपाशी कायमचा ठेवून आलो आहोत, अशा समजुतीत मी पंधरा वर्षं सुखानं काढली.

तो प्रश्न मला पुन्हा भेटला डॉलिस हिलला. तिथल्या महाराष्ट्र मंडळात नाटकाचं मध्यंतर होतं आणि मी बटाटेवड्याच्या रांगेत उभा होतो.

"कोणाचा रे तू?"

मागं वळून पाहिलं. ऐंशीच्या पुढचे, बुटके, करड्या स्वेटरातले एक गृहस्थ. डोक्यावर चपटी टोपी, काखेत फुलस्केप वही आणि कानावर पेन्सिल. कानावर पेन्सिल ठेवणारा माणूस मी सुतार सोडून कुठं पाहिला नव्हता. मी आडनाव सांगितलं.

"ते आडनाव झालं. घर कुठलं?"

"चौल."

"चौलात कुठे? रामेश्वराकडं की भोवाळ्याकडं?"

"रामेश्वराकडं."

"तळ्याच्या कुठल्या अंगाला?"

रांग पुढं सरकली. आम्ही सरकलो नाही. मागच्या बाई दोनदा खाकरल्या. गृहस्थांनी वही उघडून 'चौल' हे पान काढलं. "माझ्या आजीचं माहेर चौलचं. आमच्यात चौलकर."

"अरे वा! म्हणजे आपण गाववाले."

"गाववाले नंतर. आधी नातं निघतं का बघू. आम्ही बेने इस्राएल. तू?"

मी जरा ओशाळून सांगितलं, "चित्पावन."

"मग बोटीतलाच की! आमची बोट नवगावला फुटली. सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या. सात आणि सात किती?"

"चौदा."

"तुमच्या परशुरामाला किनाऱ्यावर प्रेतं किती मिळाली?"

"चौदा."

"गोत्रं किती?"

"चौदा."

"बघ. बोट एकच. पोहून आले ते आम्ही, वाहून आले ते तुम्ही."

एवढं बोलून त्यांनी वहीत माझं आडनाव लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. वडे तोवर संपले होते.

त्यांना वंशवृक्षाचा नाद, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव 'झाडवाले अंकल' पडलं. ज्यू वंशावळी शोधणारी माणसं ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत. १९९२ पासून त्यांची एक रीतसर संस्था आहे, तिचं नियतकालिक आहे. तिच्या सभांना पोलंड, लिथुआनिया, युक्रेनकडून पणजोबा आलेले लोक जमतात आणि आपापल्या पणजोबांच्या गावांची रड सांगतात. एकाच्या गावाचं स्पेलिंग पाच तऱ्हेचं. दुसऱ्याचं गाव जागचं हललं नाही, पण देश तीनदा बदलला. अशा सभेत अंकल एकटे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. चहाच्या वेळी कोणीतरी आपुलकीनं विचारतं, "तुमचं गाव कुठलं?" अंकल म्हणतात, "पेण." तो बिचारा खिशातून पेन काढून देतो.

हाच प्रकार एका दप्तरखान्यातही झाला, असं अंकल शपथेवर सांगतात. जुनी कागदपत्रं हाताळायची तर शाईला बंदी असते, फक्त पेन्सिल चालते. अंकल खिडकीपाशी म्हणाले, "मला पेण हवंय." खिडकीतली बाई म्हणाली, "पेन चालणार नाही, पेन्सिल वापरा." तीनदा हेच झालं. आंटींच्या मते असं काहीही घडलेलं नाही, पण अंकल तो किस्सा तुटक रेघेनं सांगतात, म्हणून चालतो.

तुटक रेघ काय हे समजायला त्यांच्या घरी जावं लागतं. हेंडनला त्यांचं जुनं दुमजली घर आहे. दारातून आत गेल्यावर जिन्यालगतच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत कागदाची गुंडाळी चिकटवलेली दिसते. तेच झाड. सलग रेघ म्हणजे कागद आहे, तुटक रेघ म्हणजे कोणीतरी सांगितलंय आणि नुसते ठिपके म्हणजे अंकलना तसं वाटतं. मुळाशी नवगावच्या किनाऱ्यावरची सात जोडपी, ठिपक्यांची. त्यांच्यावर जिन्याच्या आठ पायऱ्या चढेपर्यंत काही नाही. त्या कोऱ्या जागेत मध्ये एकदाच 'शनवार तेली' असं लिहिलंय. हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बैल सोडीत, म्हणून गावानं ठेवलेलं ते नाव. मग एकदम १७९६ च्या सुमारास शेंड्याला गर्दी उसळते आणि थेट पोटमाळ्यात जाते.

"अंकल, हे झाड कुठलं, हा तर माड झाला," मी म्हणालो. अंकलना ते फार आवडलं. त्यांनी लगेच पेन्सिलीनं बुंध्याला खाचा काढल्या.

१७९६ का, तर त्या वर्षी मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनास्थळ उभं राहिलं. समाजी हस्साजी दिवेकर हे कंपनीच्या फौजेतले अंमलदार. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटले आणि त्यांनी मांडवीला ते बांधलं. बेने इस्राएल त्याला मशीद म्हणत. "तुम्ही मस्जिद बंदरला उतरता ना, ती ही आमची मशीद," असं अंकल दर भेटीत सांगतात. आज लंडनपासून बीरशेबापर्यंत निम्मे बेने इस्राएल आपण दिवेकरांचे वंशज असल्याचं सांगतात. अंकल अशांना चहा देतात, बिस्कीट देतात आणि कागद मागतात. कागद नसला की ठिपके. "दिवेकरांशी आपलं नातं नाही, हे पुराव्यानिशी सिद्ध केलेला जगातला मी एकटा," असं ते छाती काढून म्हणतात.

खरी पंचाईत नावांची. बेने इस्राएलांची आडनावं कोकणच्या नकाशावरून उचललेली. पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, आपटेकर असं वाचत गेलं की एसटीच्या थांब्यांची पाटी वाचल्यासारखं वाटतं. नावंही पूर्वी मराठी वळणाची: अब्राहमचा आबाजी, सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हस्साजी, आयझॅकचा एसाजी. इथवर ठीक होतं. पुढं मुंबईत नोकऱ्या लागल्या. साहेबाच्या मस्टरवर बऱ्याच जणांनी गाव गाळलं आणि आपल्या नावापुढं फक्त बापाचं लावलं. झालं! मोझेस अब्राहमचा मुलगा अब्राहम मोझेस. त्याचा मुलगा पुन्हा मोझेस अब्राहम. एकाच घरात पाच पिढ्या दोनच नावं फुगडी खेळत राहिली. अंकलनी हे सगळं मोठ्या उमेदीनं संगणकात भरलं. संगणकाला आडनावाचा रकाना लागतो. त्यानं रात्रभर विचार केला आणि सकाळी पणतूला पणजोबाचा बाप ठरवलं. तेव्हापासून अंकलनी वही धरली.

इंग्लंडात १ जुलै १८३७ पासून जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद आहे. सभेतले लोक दाखला मागवतात आणि आठवड्यात त्यांचे पणजोबा टपालानं घरी येतात. अंकलकडं आजीच्या जन्माचा पुरावा एकच, तिच्या आईचं वाक्य: "पहिल्या प्लेगच्या साली, बिरड्याच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी." कोकणातल्या बेने इस्राएलांनी सणांना आपली नावं दिली होती. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. बिरड्याचा सण म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास. प्लेग मुंबईत १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस आला, म्हणजे सण १८९७ चा. पंचांग मांडलं तर आव महिन्याची नववी तारीख आली ७ ऑगस्टला. अंकल आनंदानं ओरडले. मग त्यांनी वार काढला. शनिवार! शनिवारी हा उपास करत नाहीत, तो रविवारवर ढकलतात. मग 'दुसरा दिवस' कुठला धरायचा? तिथीचा दुसरा दिवस ८ ऑगस्ट, उपासाचा दुसरा दिवस ९ ऑगस्ट. अश्दोदच्या चुलतभावाशी यावर दोन वर्षं पत्रव्यवहार चालला आहे. तोवर आजीचा वाढदिवस दोन्ही दिवशी होतो. आंटी म्हणतात, "सासूच्या सासूला दोन केक. माझा वाढदिवस मार्चात असतो, तोही तुटक रेघेनं."

आंटींचा या छंदावर राग आहे असं मात्र नाही. त्यांची तक्रार मुद्द्यांवर आहे. पहिला मुद्दा तांदळाच्या पिठाचा. गोल्डर्स ग्रीनच्या हूप लेनवरच्या ज्यू दफनभूमीत एका बाजूला दगड उभे आहेत आणि दुसऱ्या बाजूला, सेफार्दी लोकांच्या भागात, आडवे. थडग्यावर हिब्रूत मेलेल्याच्या बापाचं नाव असतं, म्हणून वंशावळवाल्यांना थडगं म्हणजे लॉटरी. आडव्या दगडावरची झिजलेली अक्षरं वाचायला अंकलनी एकदा घरातलं सगळं तांदळाचं पीठ नेलं आणि गुडघ्यांवर बसून दगडावर चोळलं. लांबून पाहणाऱ्या एका वृद्धेला वाटलं, कोणीतरी शोकानं कोसळलंय. ती पाणी घेऊन धावत आली. तासाभरानं ती अंकलच्या वहीत होती, आजोबा-पणजोबांसकट. दुसरा मुद्दा अलिबागचा. तिथल्या कब्रस्तानातले मराठी आणि हिब्रू लेखाचे दगड अंकल भाच्याकडून मोबाइलवर मागवतात. भाचा दर रविवारी पाच फोटो पाठवतो आणि त्यांतल्या तीन फोटोंत मजकुरावर बकरी उभी असते. अंकल 'बकरी हटव' असा निरोप पाठवतात आणि तो चुकून आंटींच्या भिशीच्या ग्रुपवर जातो.

तिसरा मुद्दा पुस्तकाचा. हे सगळं छापणार कधी, असं आंटी विचारतात. अंकलचं उत्तर ठरलेलं आहे: "हाईम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. छापला कधी? १९३७ साली, तेल अवीवला. ४० वर्षं!"

"आणि तोवर केहिमकर?"

"वारले होते."

"हं," म्हणून आंटी कपबशा उचलतात.

पण झाडात नवा माणूस सलग रेघेनं बसला की मलिदा करायचा, हा नवस आंटींचाच. एलियाहू हन्नाबीच्या नावानं बेने इस्राएल मलिदा करतात. आंटी पातेल्यात पोहे भिजवून निथळतात, त्यांत किसलेला गूळ आणि ओलं खोबरं हातानं हलकं कालवतात, वेलची आणि बदाम-बेदाणे घालतात. ताटात मधोमध त्याची रास, भोवती पाच तऱ्हेची फळं. माझी आजी दडपे पोहे कालवताना मनगट असंच वळवायची, हे मी बोलून गेलो. अंकलनी तत्काळ पेन्सिल काढली. "तुझी आजी कुठली?"

अशाच एका मलिद्याच्या दिवशी मी आगाऊपणा केला. म्हणालो, "अंकल, मेलेल्या माणसांची एवढी चौकशी करून काय हशील?"

अंकल काही न बोलता वर गेले आणि एक जुनी वही घेऊन आले. निळं पुठ्ठ्याचं वेष्टन, आत बाळबोध अक्षर, त्यांच्या वडिलांचं. पहिल्या पानावर फक्त बायकांची नावं. एकीची आई, तिची आई, तिची आई.

१९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं हुकूम काढला होता की बेने इस्राएलांपैकी कोणाचं इतर ज्यूंशी लग्न ठरलं, तर आईकडून मागं जाता येईल तितक्या पिढ्या तपासाव्यात. अंकलची मावसबहीण तेव्हा बीरशेबाला होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. "तू कोणाची?" असं तिला टेबलापलीकडून विचारलं गेलं. तिनं मुंबईला पत्र टाकलं. अंकलचे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपात होते. चार रविवार पेण, रोहा, अलिबाग पालथं घालून त्यांनी ही नावं जमवली. १९६४ साली बेने इस्राएल यरुशलेममध्ये धरणं धरून बसले. सरकारनं आणि संसदेनं ते सर्वार्थानं ज्यूच असल्याचं सांगितलं आणि हुकमातून त्यांचं नाव गेलं.

"आणि बहिणीचं लग्न?"

"झालं. दुसऱ्याशी." अंकलनी वही मिटली. मग म्हणाले, "आम्हीही काही कमी नव्हतो. गोरे इस्राएल, काळे इस्राएल म्हणून आपल्याच माणसांना ताटाला ताट लावू दिलं नाही. प्रश्न तोच रे, कोणाचा तू. विचारणारा तुला आत घ्यायला विचारतो की बाहेर काढायला, एवढंच बघायचं."

आंटींनी त्यांच्या बशीत न मागता आणखी मलिदा वाढला.

मग अंकलनी थुंकीही दिली. डीएनए तपासणीच्या नळीत थुंकी भरून पाठवायची असते. "थुंकायचे पैसे?" आंटी म्हणाल्या. "दादरला असताना थुंकल्याबद्दल दंड तरी होता." निकाल आला आणि अंकलना एका रात्रीत काही शे चुलतभाऊ झाले. लहान समाजात शतकानुशतकं आपापसांत लग्नं झाली की असंच होतं. लांबचा माणूसही यंत्राला जवळचा वाटतो. २०१६ साली बेने इस्राएलांच्या जनुकांवर एक मोठा शोधनिबंध निघाला. त्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्हीकडचे पूर्वज स्पष्ट दिसले आणि ही सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांमागची निघाली. अंकल तो निबंध घेऊन जिन्यावर गेले आणि माडाच्या कोऱ्या बुंध्यावर त्यांनी सहाव्या पायरीपाशी एक खूण केली. "इथं लग्न झालं," असं लिहिलं. "कोणाचं?" मी विचारलं. "ते कळेल."

एकच माणूस त्यांना अजून सापडलेला नाही. क्यूच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात इंग्लंडला बोटीनं आलेल्या प्रवाशांच्या याद्या आहेत. १८७८ पासूनच्या. त्यांत अंकलनी दुसऱ्यांचे आजोबा, काका, विधवा मावश्या शोधून दिल्या आहेत. त्या याद्या १९६० ला संपतात. अंकल मुंबईहून टिलबरीला उतरले १९६१ मध्ये. सभेतल्या लोकांच्या पणजोबांनी नागरिकत्वासाठी अर्ज केले, त्यांच्या जाडजूड फायली तिथं आहेत. अंकलचे वडील आणि आजोबा जन्मतःच ब्रिटिश प्रजा, त्यांना कोण अर्ज करायला लावणार? "सगळी वंशावळ जुळवली, मी तेवढा राहिलो," असं म्हणून अंकल स्वतःच्या नावाकडं बोट दाखवतात. ते तुटक रेघेनं लटकलेलं आहे. नियम म्हणजे नियम.

मागच्या महिन्यात त्यांनी माझ्याकडून आमचा कुलवृत्तांत वाचायला नेला. लाल कापडी बांधणीचा हा ग्रंथ आमच्या घरात पूजेच्या पुस्तकांशेजारी असतो आणि तितकाच वाचला जातो. तो परत आला तेव्हा त्यातून पन्नासेक चिठ्ठ्या डोकावत होत्या. 'पान ११२: हा मुलगा बापाच्या तीन वर्षं आधी जन्मला आहे.' 'पान १४०: हे गृहस्थ दोनदा वारले.' आमच्या पणजोबांच्या पानावर चिठ्ठी मोठी होती. छापील मजकूर असा: 'पत्नी १ रमा. पत्नी २ लक्ष्मी.' खाली अंकलचं पेन्सिलीतलं अक्षर: 'तू दुसरीचा. ती कोणाची?'

मला हसू आलं. मग येईना. मी अलिबागच्या आत्याला फोन लावला. तिकडं रात्रीचे साडेअकरा वाजले होते हे नंतर लक्षात आलं.

"आत्या, पणजीचं माहेरचं आडनाव काय गं?"

"कोण गेलं?" आत्या घाबरून म्हणाली.

"कोणी नाही. नुसतं विचारतोय."

बराच वेळ फोनवर फक्त पंख्याचा आवाज आला. "आई तिला 'आक्षीवाली' म्हणायची," आत्या म्हणाली. "आडनाव नाही बाई कोणी घेतलं. पण थांब, नागावची काकू आहे अजून. ९४ ची आहे, पण सकाळी तिला आठवतं. मी उद्याच जाते. तिला पडवळ आवडतं, ते घेऊन जाते."

मी फोन ठेवला आणि कुलवृत्तांतात 'लक्ष्मी'पासून आक्षीपर्यंत एक तुटक रेघ ओढली. कागद सापडेपर्यंत तुटकच.

परवा आमच्याजवळच्या सुपरमार्केटात रांगेत होतो. गल्ल्यावर नवा मुलगा होता, विशीचा, कानात बाळी, केसांना निळा रंग. माझं दूध-पाव सरकवताना त्याच्या छातीवरचा बिल्ला दिसला. आडनावाच्या शेवटी 'कर'.

"कोणाचा रे तू?"

मुलगा दचकला. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग मॅनेजरच्या केबिनकडं. मग खालच्या आवाजात, मोडक्या मराठीत म्हणाला, "आजोबा मुरूडचे. पण मला जास्त माहीत नाही."

"मुरूड दापोलीचं की जंजिऱ्याचं?"

मागच्या बाई दोनदा खाकरल्या. माझा हात कानाकडं गेला, आणि पेन्सिल तिथं होती.